मॉडेल, फोटो की स्मरण?

संपादक महोदय,

चित्रप्रदर्शनांच्या परीक्षणात मानवाकृतींचा विषय निघाला की ‘एकाकीपणा’, ‘विखंडित देह’ हे शब्द हमखास येतात. आकृती मॉडेल बसवून काढली, फोटोवरून काढली की मनाने, हे मात्र क्वचितच कोणी लिहितं. आजच्या चित्रकारांमधला खरा फरक तिथूनच सुरू होतो.

लुशियन फ्रॉइड (१९२२–२०११) एकाच मॉडेलला महिनोन्महिने समोर बसवत. क्रेम्निट्झ व्हाइट हा शिशाचा जड पांढरा रंग ते राठ केसांच्या ब्रशने चढवत. त्यांची माणसं गादीवर खरोखर वजन टाकून पडलेली दिसतात. मार्लीन डुमास फोटो आणि कात्रणांवरून, पातळ रंगात काम करतात. ल्यूक टायमान्सही फोटोवरूनच, पण फिकट रंगात आणि बहुधा एका दिवसात चित्र संपवतात. लिनेट यिआडोम-बोआके यांची माणसं तर कल्पनेतलीच.

फोटो वापरण्यात कमीपणा नाही. अडचण होते ती कॅमेऱ्याच्या खोडी ठाऊक नसल्या की. मोबाइल दीड-दोन फुटांवरून धरला तर नाक फुगतं आणि कान मागे सरतात. आठ-दहा फूट मागे जाऊन झूम करावं. फोटोत सावल्या सपाट काळ्या होतात, तिथले परावर्तित रंग जातात. सगळ्या कडा सारख्याच धारदार येतात, डोळा तसं पाहत नाही.

सर्वात आधी हरवतं ते वजन. भार एका पायावर असेल तर गळ्याखालची खाच साधारण त्याच पायाच्या घोट्यावर येते. त्या बाजूचा नितंब वर जातो, खांदा खाली उतरतो. कॅमेरा किंचित तिरका धरला की ही उभी रेषाच कलते. मग फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडून बाह्यरेषा कितीही इमानाने उतरवा, माणूस तरंगतोच. ओळंबा (टोकाला वजन बांधलेली दोरी) लावला तर मिनिटात कळतं. ब्रिटिश चित्रकार युअन अग्लो मापाच्या खुणा चित्रात तशाच ठेवत, त्या उगाच नव्हेत.

मॉडेल बसवलं म्हणजे सुटलो असंही नाही. वीस मिनिटांची पोझ आणि पाच मिनिटांची विश्रांती धरली, पावलांभोवती खडूने खुणा केल्या, तरी परत बसल्यावर पाठ हळूहळू खचतेच. ताठ पाठ काढायची की खचलेली, हे आधी ठरवावं लागतं. न ठरवल्यास खांदे एका वेळचे आणि कंबर दुसऱ्या वेळची होते.

त्वचेबद्दल एवढंच: उजेड दाखवायला नुसता पांढरा मिसळला की कातडी खडूसारखी थंड होते, सोबत थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा रंग, हवा. अमेरिकी चित्रकार केरी जेम्स मार्शल आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे वेगवेगळे काळे वापरून काळ्या देहातही उबदार-थंड भेद दाखवतात.

आता परीक्षकांचं काम. पुढे आलेला हात अवाढव्य असेल आणि त्याच अंतरावरचं टेबल नेहमीच्या मापाचं, तर चित्रकाराने फोटोतला हात तसाच उचलला असण्याची शक्यता जास्त. मुद्दाम केलेली मोडतोड सहसा चित्रभर भिनलेली असते. टायमान्सचा सपाटपणा असा निवडलेला आहे. प्रत्येक सपाट चेहऱ्याला ते श्रेय देऊ नये.

‘कॅनव्हासवर तैलरंग, ४ × ५ फूट’ एवढी माहिती आपण छापताच. तिच्यापुढे ‘मॉडेलवरून’, ‘फोटोवरून’ किंवा ‘स्मरणातून’ असा एखादा शब्द, चित्रकाराला विचारून, छापता येईल का?

आपला,
एक वाचक