सापाची नोंदणी झाली, त्याच्या डॉक्टरांचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी, असा नियम केंद्र सरकारने 2024 मध्ये काढला. माझ्या बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या एका छोट्या बिनविषारी अजगराची, नोंदणी मी केली आहे आणि या नियमाच्या मी पूर्ण बाजूने आहे. नाग, धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो गुन्हाच राहावा. पण नोंदणी केलेला साप आजारी पडला तर न्यायचा कुठे?

साप ओरडत नाही, लंगडत नाही. त्याचे दुखणे रोज बघणाऱ्यालाच कळते. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिनकडचा. थंडीत तो कित्येक आठवडे अन्नाला तोंड लावत नाही आणि तरी ठणठणीत असतो. म्हणून मी खाण्यापेक्षा वजनावर लक्ष ठेवते. टोपलीत घालून काट्यावर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. उपास चालू असूनही वजन टिकून असेल तर काळजी नाही. पाठीचा कणा हाताला टोचू लागला तर आहे. डोळे दुधाळ निळसर दिसले की नवखे लोक घाबरतात, पण ती कात टाकायची तयारी असते. कात पडल्यावर मात्र तिचा डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरून बघावा. डोळ्यांवरच्या दोन गोल, पारदर्शक चकत्या त्यात दिसल्याच पाहिजेत. नसतील तर त्या डोळ्यांवरच अडकल्या आहेत. कृपा करून त्या नखाने उचकटू नका, डोळा जाऊ शकतो.

गेल्या हिवाळ्यात माझा साप सारखी मान वर धरून बसू लागला. कान जवळ नेला तर श्वासाला बारीक शिट्टी ऐकू आली, नाकपुडीशी फेसाचा बुडबुडा होता. सापाला आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तो आतच साचतो आणि त्याचा न्यूमोनिया होतो. जवळच्या दवाखान्यात पेटी न उघडताच सांगण्यात आले, “थंडीत साप असेच करतात.” अखेर दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पेटीतली ऊब वाढवायला सांगितली आणि अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली. तीही शरीराच्या पुढच्या भागात, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकते आणि औषध अंगभर पोहोचण्याआधीच बाहेर पडू शकते. एवढी साधी गोष्ट माहीत असलेला माणूस शोधण्यात मोलाचे दिवस गेले. साप वाचला, पण ज्यांना दुसऱ्या शहरात जाणे परवडत नाही त्यांनी काय करायचे?

नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने सेवेतल्या पशुवैद्यकांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचारांचे छोटे प्रशिक्षण वर्ग घ्यावेत, आणि असे उपचार करणाऱ्यांची जिल्हावार यादी वनखात्याने जाहीर करावी, अशी माझी विनंती आहे. याचा फायदा माझ्यासारख्या मूठभर पाळणाऱ्यांपुरता नाही. शेताच्या जाळीत अडकून सोलपटलेली धामण, जेसीबीच्या दातात सापडलेला नाग घेऊन आपले सर्पमित्र रात्री-अपरात्री दवाखाने शोधत फिरतात. ती यादी त्यांच्याही खिशात असायला हवी.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे