या नाताळात ओव्हनपाशी मी उभी राहणार

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई बोलणं दुसरीकडे नेते, म्हणून लिहितेय. यंदा नाताळच्या कुकीजचं पीठ मी माझ्या घरी मळणार आहे आणि भाजताना ओव्हनपाशी मीच उभी राहणार आहे. ठरलंय. लोणी आणूनसुद्धा ठेवलंय.

आई, रागावू नकोस. तुला जमत नाही असं कुठे म्हणतेय मी? पण गेल्या वर्षी ऑफिसात वाटायला दोन डबे जास्त हवेत, हे मीच सांगितलं होतं. तू तीन तास उभी राहून सहा ट्रे काढलेस आणि मनगटावरचा फोड बाहीखाली झाकलास. मी हसत डबे घेऊन निघाले. फोडाचं कळलं ते पंधरा दिवसांनी, तेही बाबांकडून. ते अजून मनातून जात नाही गं. शिवाय मला सुट्टी आहे, ओटा मोकळा आहे, आणि कधीतरी मलाही शिकायला हवंच ना?

चवीची काळजी करू नका. प्रमाण तुझंच: 100 ग्रॅम साखर, 200 लोणी, 300 मैदा, चिमूटभर मीठ. अंडं नाही, सोडा नाही. मैदा पडला की जास्त मळायचं नाही, नाहीतर कुकी चिवट होते. "गोळा जमला की हात काढ," हे तुझं वाक्य मी मळताना मोठ्यानं म्हणते. बाबांना कवळीनं चावायला काही त्रास होणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा घाणा करतेय, त्यात साखर 70 ग्रॅमच. साखर कमी म्हणून रंग जरा फिका येईल. बाबा, त्या कच्च्या नसतील, परत भाजायला लावू नका.

लहानपणी पहिला ट्रे निघायच्या आधीच मी स्टूल ओढून बसायचे. तुझी एकही कुकी गोल नसायची. कडा भेगाळलेल्या, मधोमध तुझ्या अंगठ्याचा खळगा आणि त्यात थेंबभर जॅम. जॅमची कडेला चिकटून करपलेली रेघ मी आधी दातांनी काढून खायचे. मोडक्या कुकीज कोणाच्या वाट्याच्या, ते सांगायला नकोच, बाबा.

तो खळगा मला जमत नाही. मागच्या रविवारी करून पाहिला. माझा अंगठा खोल जातो, बूड फाटतं आणि जॅम ट्रेवर उतरून जळतो. म्हणून 23 तारखेला गोळे करून, गार करूनच घेऊन येते. लोणी घट्ट झालेलं असलं की कुकी पसरत नाही. आल्यावर दहा मिनिटं बाहेर ठेवले की दाबण्याइतके मऊ होतील. तू टेबलाशी बसून फक्त अंगठा दाबायचास. आत-बाहेर सगळं मी करेन, हातमोजे घालून.

आता ऐका. मोठा ट्रे खालच्या कप्प्यात आहे, आईनं वाकायचं नाही. डबे माळ्यावर आहेत, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. मी आल्यावर काढेन. गरम कुकीज डब्यात भरायची घाई कोणीही करायची नाही, वाफ धरली की त्या मऊ पडतात. बाबा, साखर तपासून आकडा वहीत लिहा, आणि रोज दोनच. मोडकीसुद्धा मोजायची. रागावून नाही सांगत, तुम्ही दोघं धडधाकट हवे आहात मला.

गादीची खुर्ची टेबलाजवळ सरकवून ठेवा. आणि आई, रात्री झोपताना अंगठ्याला मलम लावत जा, हिवाळ्यात भेगा पडतात तुझ्या.

तुमची,
छकुली