कोरलच्या टाकीतलं पाणी : मंदारला पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, फोटो आणि वहीची पानंही मिळाली. अ‍ॅक्रोपोराची (तुझ्या त्या फांदीदार कोरलची) टोकं पांढरी पडलेली बघून जीव हळहळला. करंगळीएवढा फ्रॅग (कापलेला तुकडा) होता तेव्हापासून तू ती फांदी जपतोयस. पण बुंध्याकडचा रंग शाबूत आहे आणि पॉलिपही बाहेर आलेले दिसताहेत, म्हणजे अजून हातात वेळ आहे. म्हणून आज सविस्तरच लिहितो.

वही नीट वाचली. पीएच तू रोज सकाळ-संध्याकाळ मोजतोस आणि अल्कलिनिटी (म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) मात्र आठवड्यातून एकदा, तीही कधी पीएचची पावडर टाकण्याआधी, कधी टाकल्यानंतर. माझं स्पष्ट मत आहे की हे उलट व्हायला हवं. तापमान आणि खारेपणा सोडला आणि उरलेल्यातलं एकच काही मोजायची मुभा दिली, तर मी डोळे झाकून अल्कलिनिटी निवडेन.

कारण सांगतो. कोरलचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बांधताना कोरल पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही उचलतं, आणि दोन्हींचं प्रमाण ठरलेलं असतं. अल्कलिनिटी १ डीकेएच (हे तिचं एकक) उतरली की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम (दशलक्षात ७ भाग) उतरतं. आता साठा बघ. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम आणि अल्कलिनिटी जेमतेम ७ डीकेएच. एकाची कोठी, दुसऱ्याची डबी. त्या ७ मधले २.८ डीकेएच संपले तर डबीतला चाळीस टक्के माल गेला, पण तेवढ्यात कॅल्शियम ४२० वरून फक्त ४०० वर येतं. रोजची ५-७ पीपीएमची घट तर घरगुती किटमध्ये धड दिसतही नाही. कोरल वाढतंय, थांबलंय की आजारी आहे, हे सगळ्यात आधी अल्कलिनिटीत कळतं.

आता पीएच. सकाळी ७.९ आणि दिवे मालवताना ८.२ येतो म्हणून तू घाबरलायस, पण यात बिघाड काहीच नाही. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, श्वास मात्र सगळ्यांचाच चालू. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. दिवे लागले की उलट चक्र सुरू. खोली बंद असली की आपल्याच श्वासाची त्यात भर पडते. तू जी पीएच वाढवणारी पावडर टाकतोस ती सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच असते. तिने पीएच काही तास वर जातो, मग पाणी खोलीतल्या हवेशी जुळवून घेतं आणि आकडा परत खाली येतो. अल्कलिनिटी मात्र वाढलेलीच राहते. तुझ्या वहीत ओळीने आलेत बघ: १०.४, ७.१, १०.१, ६.९. कोरलची टोकं म्हणजे त्याची सर्वांत वेगाने वाढणारी जागा, आणि अशा हेलकाव्यांचा मार आधी तिथेच बसतो. ८ असो की ९, मला दोन्ही चालेल. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढ-उतार मात्र मी होऊ देणार नाही.

तेव्हा ती पावडर आजपासून बंद. पीएचसाठी खिडकी उघडी ठेव, किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी लांबवून खिडकीबाहेर काढ. एवढ्यानेही बऱ्याच घरांत फरक पडतो.

तू विचारलंयस की हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरा खडबडीत थर कसला बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेटच. जे कोरलच्या अंगात जायला हवं होतं ते हीटरवर बसलंय. अल्कलिनिटी एकदम चढली आणि मॅग्नेशियम कमी असलं की हे होणारच. कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागात घुसून त्याची वाढ रोखतं. समुद्रात कॅल्शियम आणि कार्बोनेट गरजेपेक्षा जास्त विरघळलेले असूनही पाणी दुधाळ होत नाही, त्यामागे मॅग्नेशियमचा मोठा हात आहे. ते १२५० ते १४०० पीपीएम हवं, तुझं ११८० आहे. (थर काढायला हीटर आणि पंप व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, खरवडू नकोस.)

पण थांब, लगेच मॅग्नेशियम आणायला धावू नकोस. खारेपणाच्या रकान्यात तू १.०२३ (विशिष्ट गुरुत्व) लिहिलंयस. म्हणजे हजार भागांत मीठ सुमारे ३१, हवे ३५, म्हणजेच १.०२६. पाणीच पातळ असेल तर त्यातलं सगळंच पातळ असणार. तुझे ११८० पीपीएम ३५ च्या हिशेबात मांडले तर १३३० होतात, म्हणजे मॅग्नेशियमची वेगळी बाटली लागणारच नाही. शिवाय तुझा खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर काट्याचा आहे. काट्याला बारीक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो, तेव्हा खरा खारेपणा याहूनही कमी असू शकेल. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) घे आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घे. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही.

खारेपणा हळूहळू वाढव. एरवी बाष्पीभवनाची भरपाई आरओ-डीआयच्या (गाळून क्षारमुक्त केलेल्या) गोड्या पाण्यानेच करायची, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. पण आता काही दिवस मुद्दाम ३५ चं खारं पाणी भर, आणि ३५ झालं की पुन्हा गोड्यावर ये. त्याबरोबर कॅल्शियम ४६० च्या आसपास जाईल. जाऊ दे, कोरल ते खाऊन उतरवेल. त्याचा डोस तेवढा बंद ठेव. आरओचा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) एकदा तपास, डीआयनंतर तो शून्यच यायला हवा.

मग खरा हिशेब सुरू. अल्कलिनिटी ८ ते ९ च्या दरम्यान असताना काहीही न टाकता चार दिवस रोज एकाच वेळी मोज. आपलं किट थेंबांचं आहे, ५ मिली पाण्यात एक थेंब म्हणजे १ डीकेएच. तू १० मिली घे, म्हणजे थेंबाला अर्धा डीकेएच पडेल आणि वाचन दुप्पट बारीक होईल. नळकांडी पांढऱ्या कागदासमोर धर. सुरुवातीला थेंब पडतो तिथे पिवळी छटा उठते आणि हलवली की निळ्यात विरते. पुढे विरायला वेळ लागतो. मग एक थेंब पडतो आणि सगळं पाणी हिरवट होऊन तसंच राहतं, आणि पुढच्या थेंबाला स्वच्छ पिवळं. तो पिवळा करणारा थेंब धरून मोजायचं. हिरव्यावर थांबायचं की पिवळ्यावर, हे एकदा ठरव आणि कधी बदलू नकोस. मला या दोन मिनिटांत दिवसातलं सगळ्यात जास्त समाधान मिळतं.

समज चार दिवसांत ९ चे ७ झाले. म्हणजे रोजचा खप अर्धा डीकेएच. खडक आणि वाळू वजा करून तुझ्या टाकीत आणि संपमध्ये (खालच्या जोडटाकीत) मिळून २०० लिटर पाणी धरू. १ डीकेएचसाठी लिटरमागे ३० मिलिग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे २०० लिटरला रोज ३ ग्रॅम. इतकंच! तू एका रविवारी किती ओतत होतास ते यावरून लक्षात येईल.

पण तुझ्या टाकीला मी सोड्यापेक्षा चुन्याचं पाणी सुचवेन. त्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी बरोबर कोरलला लागतात त्याच प्रमाणात मिळतात, शिवाय ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे पीएचही सावरतो. खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम टाकून हलव आणि रात्रभर निवळू दे. सगळं विरघळणार नाही, विरघळायलाही नको. वर पातळ कवच धरेल, तळाला पांढरा गाळ बसेल. मधलं नितळ पाणी तेवढं घे, गाळ टाकीत जाऊ देऊ नकोस. असं एक लिटर पाणी तुझ्या २०० लिटरची अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचहून किंचित जास्त वाढवतं. रोज दोन लिटर पाणी उडतं म्हणालास ना, मग त्यातलं एक लिटर चुन्याचं आणि एक साधं. चुन्याचं पाणी रात्री थेंब-थेंब, जिथे प्रवाह जोराचा असेल तिथे सोड. पुढे कोरल वाढली आणि खप उडणाऱ्या पाण्याच्या आवाक्याबाहेर गेला की मग दोन बाटल्यांचं डोसिंग (एकीत कॅल्शियम, दुसरीत अल्कलिनिटी) बघू.

एक राहिलंच. तुझा नायट्रेट शून्य आणि फॉस्फेटही शून्य, आणि तू त्याबद्दल खूश आहेस. मी नाही. इतक्या उपाशी पाण्यात अल्कलिनिटी चढी ठेवली की टोकं जळतात, हा रीफवाल्यांचा जुना अनुभव आहे, आणि वाळूवर तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट्स (सूक्ष्मजीव) येतात तेही बहुधा अशाच टाकीत. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू दे. माशांना थोडं जास्त खाऊ घाल, स्किमर जरा सौम्य कर.

आयोडीन आणि स्ट्रॉन्शियमच्या बाटल्या कपाटातच राहू देत. जे आपण मोजत नाही ते ओतायचं नाही.

चार दिवसांचे आकडे आले की वेळेसकट लिहून पाठव, सोबत त्या फांदीचा पांढऱ्या उजेडातला फोटो. निळ्या दिव्यात टोकांचा खरा रंग कळत नाही.

तुझा,
निखिल

ता. क. चुन्याच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम कर आणि पावडर उडू देऊ नकोस. कॅनचं झाकण घट्ट लाव, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना आतच खाली बसेल.