डॉक्टर मॅडम, त्या प्रश्नांबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

"तुमचे वडील दारू प्यायचे?" हा तुमचा प्रश्न मला झोंबला होता. मी आलो होतो कंबर दाखवायला. 2018 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तोवर सतरा वर्षं टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवला, त्यात मणक्याची वाट लागली. ऑपरेशन झालं, तरी डाव्या पायातली कळ गेली नाही. आणि तुम्ही माझ्या वारलेल्या बापाची फेणी काढलीत!

त्याआधी एका डॉक्टरने काहीही न विचारता महिन्याभराच्या ट्रामाडॉलची, म्हणजे सवय लागू शकते अशा दुखण्यावरच्या गोळ्यांची, चिठ्ठी दिली होती. दुसऱ्याने "तुला चटक लागलीय" म्हणून वाटेला लावलं होतं. तुम्ही मात्र तो कागद माझ्यापुढे ठेवलात. अशा गोळ्यांचं व्यसन लागण्याचा धोका किती, हे पाहायची अमेरिकेतली 2005 सालची प्रश्नावली. घरात कुणाला व्यसन, स्वतःला कधी होतं का, वय, मानसिक आजार, बालपणी झालेला लैंगिक अत्याचार. बापाच्या दारूचे 3 गुण, वय 16 ते 45 मधलं म्हणून 1. बेरीज 4. तीनपर्यंत धोका कमी, चार ते सात मध्यम, आठपासून जास्त. "तुमचं दुखणं खरंच आहे," तुम्ही म्हणालात, "गोळी किती जपून द्यायची, एवढंच मला यावरून ठरवायचंय."

मग स्ट्रिप मागितलीत. हिशेबाने अकरा गोळ्या उरायला हव्या होत्या. टेबलावर पाच निघाल्या. तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, "या सहा दुखलं म्हणून घेतल्या?"

नाही, मॅडम. टिपरच्या कर्जाने झोप उडाली होती, म्हणून घेतल्या. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती शेजारीच बसली होती.

तुम्ही मला हाकललं नाहीत. गोळ्या एकदम बंदही केल्या नाहीत. शरीराला सवय झाली की अचानक तोडल्याने हाल होतात, हे समजावून डोस टप्प्याटप्प्याने उतरवलात. एका वेळी सात दिवसांच्याच गोळ्या, डबा बायकोच्या ताब्यात. दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नाहीत, कारण त्या यात मिसळल्या तर श्वास मंदावतो. झोपेसाठी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे पाठवलंत, कंबरेसाठी फिजिओथेरपीला.

कळ अजून आहे. पण परवा साखळीच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत चालत आलो, मध्ये एकदाच टेकलो. तुम्हाला हे कधी सांगेन असं झालंय.

सोमवारी येतो. डबा घेऊन.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक रुग्ण