मिरजेतल्या मावशी आणि वॉचमनकाका, आभार

ईस्टरच्या आदल्या रात्री मिरजेत वडिलांना अचानक अतिदक्षता विभागात हलवलं. मी बाहेर एकटी, फोन बंद पडलेला. ड्युटी संपलेल्या एका मावशींनी आपल्या फोनवरून सांगलीला भावाला कळवलं आणि डब्यातली अर्धी भाकरी, पिठलं माझ्यापुढे सरकवलं. "खा आधी. रडायला बी ताकद लागती." पहाटे वॉचमनकाकांनी चहा आणून दिला.

चर्चची पहाटेची उपासना चुकली. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातले, अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे ते दोघे शिष्य आठवले. खचलेले, आणि मरणातून उठलेल्या प्रभू येशूला ओळखलं ते भाकर मोडताना! मावशी कुठल्या धर्माच्या, विचारलं नाही. गरजच वाटली नाही.

वडिलांचं डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. तरी आशा आहे. मावशी, काका, मनापासून आभार.