फुटबॉलमधले राजकारण टाळू नका, तारखा घेऊन वाद घाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्री साडेबाराचा सामना संपला की सोलापुरात दुसरा सामना सुरू होतो. पार्क चौकात, सात रस्त्याला आणि मंडळांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये पेनल्टीवरून निघालेला विषय पाच-दहा मिनिटांत दिल्लीला पोहोचतो. भारतावर बंदी कोणामुळे आली, लीग कोणी रखडवली, संघाची ही अवस्था कोणी केली? आणि लगेच ‘तुमचे सरकार’, ‘आमचे सरकार’ सुरू. शेवटी एखादा ज्येष्ठ ‘खेळात राजकारण आणू नका’ म्हणून सगळ्यांना गप्प करतो.

मला हे गप्प करणे मान्य नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष मतदानाने निवडला जातो, राष्ट्रीय संघाच्या शिबिरांना केंद्र सरकार अनुदान देते आणि महासंघाची घटना सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली आहे. राजकारण वगळून या महासंघाबद्दल बोलताच येणार नाही. वाद जरूर व्हावा. तो कसा व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी पक्षाचा प्रश्न निकालात काढू. १९८८ ते २००८ महासंघाचे अध्यक्ष होते काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी. त्यांच्यानंतर २०२२ पर्यंत राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राचे नेते. २ सप्टेंबर २०२२ ला निवडून आले भाजपचे कल्याण चौबे, जे स्वतः माजी गोलरक्षक आहेत. चौतीस वर्षांत तीन पक्षांची तीन माणसे. त्यामुळे एकाच पक्षाने फुटबॉल बुडवला किंवा तारला, असे म्हणणाऱ्याने या तिन्ही कारकिर्दींचा हिशेब मांडावा.

फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, २०२२ मध्ये घातलेल्या बंदीवर सर्वाधिक भांडणे होतात, आणि तिथेच तारखा सर्वाधिक चुकतात. मूळ २०१७ मध्ये आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या क्रीडा संहितेचे पालन झाले नाही म्हणून महासंघाची आधीची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, पण नवी घटना तयार करण्यासाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांना नेमले. पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. घटनेचे प्रकरण न्यायालयात आहे, या कारणाने निवडणूक झाली नाही आणि जुनी समितीच कारभार पाहत राहिली. १८ मे २०२२ ला न्यायालयाने ती समिती हटवून न्या. अनिल दवे, कुरेशी आणि गांगुली यांची प्रशासकीय समिती बसवली. ३ ऑगस्टला निवडणुकीचा आदेश निघाला. मतदार कोण? ३६ राज्य संघटनांचे प्रतिनिधी आणि त्यांच्या बरोबरीने ३६ नामवंत माजी खेळाडू.

इथे फिफा अडली. फिफाचे सदस्य म्हणजे देशोदेशीच्या संघटना, आणि त्या संघटनांचे मतदारही संघटनाच असावेत, व्यक्ती नसाव्यात, हा तिचा आग्रह. शिवाय सदस्य संघटनेने आपला कारभार बाहेरच्या हस्तक्षेपाविना चालवावा, असे तिच्या नियमावलीतली १४ आणि १९ ही कलमे सांगतात. न्यायालयाने नेमलेली समितीही त्या नियमात ‘बाहेरची’च ठरते. १५ ऑगस्टच्या रात्री निलंबन आले. २२ ऑगस्टला न्यायालयाने प्रशासकीय समिती बरखास्त केली, खेळाडूंच्या मतांची तरतूद मागे पडली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठले. अकरा दिवसांत सगळे मिटले आणि ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबईत मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. गोकुलम केरळ क्लबच्या मुलींना मात्र त्या अकरा दिवसांची भरपाई मिळाली नाही. आशियाई क्लब स्पर्धेसाठी त्या ताश्कंदला पोहोचल्या होत्या आणि एकही सामना न खेळता परतल्या. बंदीची चर्चा करताना या संघाचे नाव कोणी घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता सांगा, बंदी ‘कोणामुळे’? मुदत संपूनही बसून राहिलेल्या समितीमुळे, ती हटवणाऱ्या आदेशामुळे, की खेळाडूंना मत नको म्हणणाऱ्या फिफामुळे? माझे मत विचाराल तर डिसेंबर २०२० मध्ये निवडणूक झाली असती तर पुढचे काहीच घडले नसते. दुसरे कोणी वेगळे म्हणेल. पण ‘परदेशी कट’ हे उत्तर टिकत नाही. पाकिस्तानला २०१७ आणि २०२१ असे दोनदा निलंबन भोगावे लागले; केनिया आणि झिंबाब्वेला २०२२ मध्ये. कारण थोड्याफार फरकाने तेच, बाहेरचा हस्तक्षेप.

त्यानंतरच्या निवडणुकीचा निकाल बघा. चौबे ३३, बायचुंग भुतिया १. देशाचा एवढा मोठा कर्णधार, आणि एक मत! त्यावरून ‘सेटिंग’ म्हणून ओरड झाली. पण मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी, प्रत्येक राज्याला एक मत. प्रेक्षकाला मत नव्हते, क्लबला नव्हते, खेळाडूला नव्हते. आपल्या राज्याचे मत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे, म्हणजे विफाचे, आणि विफाची सदस्य जिल्हा संघटना. साखळी अशी आहे: क्लब, जिल्हा, राज्य, महासंघ. भुतिया जिंकायला हवे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही साखळी खालून चढायला हवी. नुसत्या चिडीने तिथे एकही मत हलत नाही.

१९ सप्टेंबर २०२५ ला न्या. नरसिंह आणि न्या. बागची यांच्या खंडपीठाने घटनेचा मसुदा काही बदलांसह मंजूर केला. न्या. नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या त्या मसुद्यानुसार कार्यकारिणी १४ जणांची: अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष (एक पुरुष, एक महिला), खजिनदार आणि दहा सदस्य. त्या दहांत पाच नामवंत खेळाडू, त्यात दोन महिला. पदाची कमाल मुदत बारा वर्षे, वयाची मर्यादा ७० आणि अध्यक्षावर अविश्वास ठरावाची सोय. २०२२ मध्ये मागच्या दाराने गेलेला खेळाडू असा पुढच्या दाराने परत आला. हा निर्णय मला मनापासून पटतो.

लीगच्या बाबतीत पाच वेगळ्या यंत्रणांचे अधिकार एकात मिसळले जातात, म्हणून वाद फिरत राहतो. फिफा सदस्यत्व देते आणि काढते. न्यायालय घटना तपासते. मंत्रालय मान्यता आणि अनुदान देते. महासंघाकडे स्पर्धेची मालकी असते. व्यापारी भागीदार पैसा घालतो आणि प्रक्षेपण सांभाळतो. इंडियन सुपर लीग या देशाच्या मुख्य लीगचा, महासंघ आणि भागीदार यांच्यातला करार २०१० चा, पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. घटनेचा निकाल लागेपर्यंत नवा करार करू नका, असे न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितले. जुलैमध्ये भागीदार कंपनीने पुढचा हंगाम थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार रोखले. नंतर काढलेल्या निविदेत वर्षाला किमान ३७.५ कोटी किंवा उत्पन्नाच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी ती, अशी अट होती. ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. क्लब तोट्यात आणि हंगाम अधांतरी असताना हमीची रक्कम कोण भरणार? शेवटी ६ जानेवारी २०२६ ला क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून चौदा क्लबांसह लीग होईल, असे जाहीर केले. लीगची तारीख मंत्र्याने जाहीर करावी लागते, त्या खेळात राजकारण नको कसे म्हणता?

मैदानावरच्या पराभवाचे खापर मात्र दिल्लीवर फोडू नये. जून २०२४ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत दोह्यात कतारचा बरोबरीचा गोल झाला तेव्हा चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला होता, हे चित्रीकरणात स्पष्ट दिसते. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हता. अन्याय झालाच. पण त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, आपण अफगाणिस्तानकडून १-२ हरलो होतो आणि नंतर कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरीत अडकलो होतो. ते गुण हातात असते तर दोह्याच्या पंचावर अवलंबून राहण्याची वेळ आली नसती. २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ आणि मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो, त्यात पंचाचा काही दोष नव्हता.

आणि ‘पूर्वी खेळ शुद्ध होता’ हेही बरोबर नाही. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकताना अंतिम सामन्यात सारे स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत होते. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्याचा तो राग. चुनी गोस्वामींच्या संघाने त्या गदारोळात दक्षिण कोरियाला २-१ हरवले. अलीकडचे उदाहरण कोलकात्याचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदोबस्ताच्या कारणाने मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना रद्द झाला, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे समर्थक आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-हत्या प्रकरणात न्याय मागत सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले.

आता आपल्या गावाचे. सोलापूरच्या मुलाला सर्वात जवळचे राजकारण मैदानाचे आहे. पार्क स्टेडियमच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी. ती काळ्या चिकणमातीची, पाणी मारून रोलरने आठवडेच्या आठवडे दाबलेली. फुटबॉलच्या बुटाच्या खिळ्यांनी तिचा पृष्ठभाग फुटतो, म्हणून क्रिकेटवाले तिथे पाऊल टाकू देत नाहीत, आणि त्यांचेही चूक नाही. पण फुटबॉलचे १०५ बाय ६८ मीटरचे आखीव मैदान नेमके त्या मध्यावरूनच जाते. खेळपट्टी टाळून खेळायचे तर बाजूची अरुंद पट्टी उरते, तिथे धड विंगने खेळता येत नाही की कॉर्नर घेता येत नाही. उघड्या काळ्या मातीच्या मैदानावर तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात बुटाला चिकटणारा चिखल. फुटबॉलसाठी वेगळे मैदान हवे, खाली मुरमाचा थर आणि दोन्ही बाजूंना उतार देऊन पाण्याचा निचरा करणारे. त्याचा ठराव दिल्लीत होत नाही, महापालिकेत होतो. नगरसेवकाकडे हा अर्ज घेऊन जाताना त्याचा पक्ष विचारायची गरज नाही.

म्हणून वाद घालणाऱ्या मित्रांना विनंती. जिल्हा संघटनेकडे किती क्लब नोंदलेले आहेत, शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली, पुढची निवडणूक कधी आणि मतदारयादीत आपला क्लब आहे का, हे लेखी विचारा. क्लबच्या पोरांची नोंद महासंघाच्या खेळाडू नोंदणीच्या सीआरएस प्रणालीत आहे का तेही पाहा. जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर नोंदणी तिथेच अडते आणि ऐन स्पर्धेत मुलगा बाहेर बसतो. ही दुरुस्ती हंगामाआधी करावी लागते.

आणि आपल्यालाही एक विनंती, संपादक महोदय. युरोपातल्या लीगचे निकाल आपण नेमाने छापता, ते आम्ही आवडीने वाचतो. त्याच पानावर जिल्हा आणि राज्य फुटबॉल संघटनांच्या सभांच्या व निवडणुकांच्या तारखा, उमेदवारांची नावे आणि मतदार क्लबांची यादी छापावी.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
होटगी रोड, सोलापूर