पाटण की फलटण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त एसटी वाहक. क्षयावरच्या इंजेक्शनांनी 2008 साली दोन्ही कान गेले. 2012 मध्ये उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट केलं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत तारा बसवल्या आणि आवाज पकडून त्यांना पाठवणारं मशीन, प्रोसेसर, कानामागे लावलं. आता कंपनी म्हणते, या प्रोसेसरचे सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत, नवा घ्या. भाव साडेपाच लाख. एसटीवाल्याला पेन्शन किती मिळते ते वाचकांना सांगायला नको.

नवं मशीन दाखवायला मला पुण्यात एका एसी खोलीत बसवलं. दार बंद. बाईंनी तोंडापुढे कागद धरून शब्द म्हटले. जुन्यावर 10 पैकी 9, नव्यावरही 9. ‘‘आवाज स्वच्छ वाटतो ना काका?’’ वाटला की. पण मी काही त्या खोलीत राहत नाही.

बऱ्याच विनवण्यांनंतर अनामत चेक ठेवून मशीन 4 दिवस घरी मिळालं. ते घेऊन सातारा स्टँड गाठला. मंडळी दोन पावलांवर उभी, तोंडाला पदर, हातात 20 गावांची यादी: वडूज, मेढा, वाई, दहिवडी, पाटण, फलटण... जुन्या मशीनवर 8 बरोबर. पाटण आणि फलटणमध्ये तर दर वेळी नाणेफेक. तीस वर्षं ही नावं मीच ओरडत होतो!

गावातल्या ऑडिओलॉजिस्टने जुनं मशीन उघडून पाहिलं. माइकवरची जाळी धुळीने बुजलेली, मॅपिंग (माझ्या कानाप्रमाणे मशीनचा आवाज जुळवणं) दोन वर्षांपूर्वीचं. जाळी बदलली, मॅपिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जुन्यावर 11. तेच मॅपिंग नव्यात भरलं, तर 15. म्हणजे वाढलेल्या 7 नावांतली 3 जाळी आणि मॅपिंगची होती, काही शे रुपयांत झालेली. पुण्याच्या खोलीत माझं धुळकट मशीन कुणी हातातही घेतलं नव्हतं.

नव्याचे गुण नाकारत नाही. फोन थेट मशीनमध्ये येतो. नाशिकच्या मुलीशी पहिल्यांदा स्पीकर न लावता बोललो. पण गोंगाटात ते समोरच्याचा आवाज धरतं आणि मागचा दाबतं. पोवई नाक्यावर मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न मला ती अंगाजवळ आल्यावर कळला. कीर्तनात तंबोऱ्याचा नाद त्याने पंख्याची घरघर समजून पुसून टाकला. त्यासाठी गोंगाट न कापणारा वेगळा प्रोग्रॅम करून घ्यावा लागला. तरी सूर दोन्हीवर तसाच, पत्र्यावर वाजवल्यासारखा. कारण कानाच्या आत आवाज पोचवणारी 22 टोकं (इलेक्ट्रोड) 2012 चीच आहेत, बाहेरचं मशीन बदलल्याने ती वाढत नाहीत. हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, मलाच विचारावं लागलं.

माझं मागणं एवढंच: मशीन किमान 15 दिवस घरी वापरायला द्यावं. आधी जुनं साफ करून, मॅपिंग करून घ्यावं आणि मग दोन्हींची चाचणी गोंगाटात, मराठी शब्दांवर व्हावी. गुण कागदावर लिहून हातात द्यावेत. काय ऐकू येतं ते मी सांगू तरी शकतो, लहान मुलांना तेही जमत नाही. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून अशा मुलांना इम्प्लांट मिळतं, त्यांचीही मशीनं जुनी होणार. माण-खटावच्या एखाद्या आईने नवं मशीन चांगलं की वाईट हे कशावरून ठरवायचं? बहिऱ्यांसाठीची वांद्र्याची अली यावर जंग संस्था सरकारी आहे, या योजनेचं काम पाहते. सात-साठ, पाट-पाठ, टाक-ठाक अशी गोंगाटातली एक मराठी चाचणी तिने तयार करून जिल्हा रुग्णालयांना द्यावी, सोबत उसनी द्यायला दोन-चार मशीनं ठेवावीत.

मी अजून पैसे भरलेले नाहीत. मशीन पुन्हा मागितलंय, या वेळी जुलैत. स्टँडच्या पत्र्यावर साताऱ्याचा पाऊस पडत असताना ‘फलटण’ ऐकू येतं का, ते बघायचंय.

आपला,
एक निवृत्त वाहक, सातारा